बीपीच्या चिठ्ठीवर नसलेला रकाना

ठाण्यात रविवार सकाळचं आरोग्य शिबिर आता नेहमीचं झालं आहे. कधी सोसायटीच्या आवारात, कधी मंडळाच्या मंडपात, कधी कुणाच्या वाढदिवसाचा फलक मागे लावून. तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आलेली मंडळी घाम पुसत रांगेत उभी राहतात. टेबलामागची मुलगी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळते, मशीन गुरगुरतं, शेजारी गप्पा चालूच असतात, आणि हातात एक चिठ्ठी येते. नाव, वय, वजन, बीपी, शुगर. अशा चिठ्ठ्या मी गेल्या तीन वर्षांत मुद्दाम मागून मागून पाहिल्या. किडनीचा रकाना मला एकाही चिठ्ठीवर सापडला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला बीपीचा त्रास आहे, त्याच्या लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वर्षातून एकदा तरी तपासलं गेलंच पाहिजे. ही तपासणी रुग्णाच्या आठवणीवर किंवा ऐपतीवर सोडता कामा नये. महापालिकेचा दवाखाना, शिबिर भरवणारी संस्था आणि गल्लीतला डॉक्टर या तिघांनी ती आपलं काम म्हणून करावी. नुसतं बीपी मोजून माणसाला घरी पाठवणं ही अर्धी तपासणी आहे, आणि माणूस मात्र आपलं सगळं तपासून झालं अशा समाधानात घरी जातो.

हे मी कोरड्या तत्त्वासाठी लिहीत नाही. माझा थोरला भाऊ कोपरखैरण्यात राहतो. आमचं गाव साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं. वडील माथाडी कामगार होते, दादाही त्यांच्या मागोमाग एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात लागला. २०११ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याला बीपी निघालं. गोळी सुरू झाली आणि ती त्याने नेमाने घेतली. हे मी मुद्दाम सांगते, कारण किडनी गेलेल्या माणसाबद्दल लोक पहिल्यांदा हेच म्हणतात की त्याने हेळसांड केली असेल. दादाने केली नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी तो डॉक्टरकडे जायचा, बीपी मोजून घ्यायचा. कधी १४० वर ९०, कधी १६० वर १००. ‘थोडं वाढलंय, मीठ कमी करा’ एवढं ऐकून परत यायचा. डॉक्टरचं नाव मी घेणार नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तरी बहुधा हेच झालं असतं, म्हणून तर हा लेख.

पन्नास किलोची गोणी दिवसभर पाठीवर वाहिली की संध्याकाळी कंबर धरते. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. कोपऱ्यावरच्या दुकानात डायक्लोफिनॅक मागितलं की मिळतं, चिठ्ठी कुणी विचारत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस ती गोळी दादाच्या पोटात जायची. बीपी मोजणाऱ्या कुणीही त्याला कधी विचारलं नाही की अजून कुठल्या गोळ्या घेतोस. लघवीला फेस येतो असं तो एकदा वहिनीला म्हणाला होता. वहिनीला वाटलं, उष्णता झाली असेल, तिने सब्जाचं पाणी दिलं. २०२२ च्या पावसाळ्यात त्याचे पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी क्रिएटिनिन करायला सांगितलं. ते आलं ९.४, मर्यादा साधारण १.३. अकरा वर्षांत त्याच्या बीपीची मोजदाद निदान पन्नास वेळा झाली असेल, किडनीची एकदाही नाही.

आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. मी शाळा सुटली की ठाण्याहून वाशीकडची लोकल पकडते आणि त्याच्याजवळ जाऊन बसते. त्याच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर, शीर आणि धमनी जोडून फिस्चुला केलेला आहे. तिथे बोटं ठेवली की आत सतत एक बारीक थरथर लागते, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी. रोज सकाळी उठल्यावर तो आधी ती थरथर चाचपून बघतो. वहिनी अर्ध्या लिटरची बाटली भरून ठेवते, दिवसभराचं पाणी तेवढंच. मे महिन्यात बाजारात तांबेच्या तांबे पाणी घटाघटा पिणारा माणूस आता गोळी गिळताना बाटलीच्या रेघेकडे बघतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे यातलं जमेल तेवढं वाचून काढलं. वाचताना सगळ्यात जास्त हे लागलं की यातलं काहीच नवं नाही. बीपी आणि किडनी यांचं नातं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग जसा थिजतो तशी ती गढूळ होऊन थिजली, तर त्यात प्रथिन आहे. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली दिसत. हे त्यांनी १८२७ मध्ये छापलं. १८३६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: यातल्या पुष्कळांचं हृदय मोठं, जाड झालेलं असे. बीपी मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, पण कशाच्या तरी विरुद्ध जोर लावून हृदय थकलं आहे हे त्यांनी हेरलं होतं. चमचा, मेणबत्ती आणि लघवी. एवढ्यावर ही तपासणी होत होती.

त्याच हॉस्पिटलमध्ये पुढे फ्रेडरिक अकबर महोमेद आले. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, ते माहीत असायला हवं. पाटण्यात जन्मलेले आणि १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ उघडणारे दीन महोमेद हे त्यांचे आजोबा. नाडीचा आलेख काढणारं उपकरण फ्रेडरिक यांनी सुधारलं, आणि ज्यांच्या लघवीत प्रथिन नाही, किडनी वरवर ठीक आहे, अशा माणसांमध्येही रक्तदाब वाढलेला असतो हे दाखवलं. म्हणजे काहींच्या बाबतीत आधी दाब वाढतो आणि किडनी नंतर खराब होते. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, टायफॉइडने ते गेले.

इथून एक वाद सुरू झाला आणि तो शंभर वर्षं चालला: बीपीमुळे किडनी जाते की किडनीमुळे बीपी वाढतं? १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणारी धमनी चिमट्याने थोडी आवळली. किडनीला रक्त कमी पडताच सबंध शरीराचा दाब वाढला. पुढे १९७० च्या दशकात डाल आणि बियांची यांनी उंदरांमध्ये किडन्यांची अदलाबदल केली. जास्त बीपीच्या जातीच्या उंदराची किडनी साध्या उंदराला बसवली तर त्याचं बीपी वाढायचं, उलट केलं तर उतरायचं. बीपी जणू किडनीबरोबर दुसऱ्या शरीरात राहायला जात होतं.

माणसांबाबतचा पुरावा १९८३ मध्ये आला. अमेरिकेतल्या सहा रुग्णांची किडनी वर्षानुवर्षांच्या बीपीमुळे निकामी झाली होती. त्यांना बीपी नसलेल्या दात्यांच्या किडन्या बसवल्या. सरासरी साडेचार वर्षांनी पाहिलं तर त्यांचं बीपी सामान्य होतं. रुग्ण सहाच, पण प्रयोग डोळे उघडणारा.

हे कसं होतं ते मी वर्गात इमारतीच्या पंपाने समजावते. आपल्या दोन किडन्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. शरीरात मीठ जास्त झालं की दाब थोडा वाढतो, वाढलेल्या दाबाने किडनी जास्त मीठ बाहेर टाकते, दाब परत खाली येतो. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी हे गणित मांडलं. आता किडनीच्या गाळण्या कमी झाल्या, की तेवढंच मीठ बाहेर टाकायला तिला जास्त दाब लागतो. जुन्या इमारतीत नळ गंजून आत अरुंद झाले, चौथ्या मजल्यावर पाणी चढेना, म्हणून आपण पंपाचा जोर वाढवतो. पाणी चढतं, पण त्या जोराने उरलेले नळ आणखी खिळखिळे होतात. मग जोर आणखी वाढवावा लागतो. किडनीने बीपी वाढतं, बीपीने किडनी झिजते, आणि चाक फिरत राहतं. आधी कोण, हे शोधून काढणं रुग्णाच्या फारसं उपयोगाचं नाही. दोन्ही एकाच वेळी बघणं उपयोगाचं आहे.

गाळण्या किती घेऊन आपण जन्मतो, हाही एक भाग आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये अपघातात गेलेल्या वीस जणांच्या किडन्यांमधल्या गाळण्या मोजल्या. दहा जण बीपीवाले, दहा बीपी नसलेले. बीपी नसलेल्यांच्या एका किडनीत सुमारे १४ लाख गाळण्या होत्या, बीपीवाल्यांच्या किडनीत सुमारे ७ लाख. गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नव्या होत नाहीत. कमी वजनाच्या बाळाला त्या कमी मिळतात. दादा जानेवारी १९७३ चा. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती तेव्हा तो पोटात होता. सुकडी आणि मिलो यांवर ते दिवस निघाले, असं आई अजून सांगते. दादाच्या आजाराचं मूळ तिथेच आहे असं मी म्हणत नाही, एका माणसाबद्दल तसं म्हणता येत नाही. पण आज पन्नाशी-साठीत असलेली, दुष्काळी तालुक्यांतून मुंबई-ठाण्याला आलेली कष्टकऱ्यांची पिढी ज्यांना बघायची आहे, त्यांनी हे मनात ठेवून बघावं.

कुणी म्हणेल, किडनी तपासून करणार काय? बीपीची गोळी तर चालूच आहे. इथेच खरा मुद्दा आहे. ती तपासणी उपचार बदलते.

पहिलं म्हणजे औषध. लघवीत प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टनसारखं औषध आधी आणि पुरेशा मात्रेत द्यायचं असतं, कारण ते दाबाबरोबर गाळण्यांच्या आतला ताणही कमी करतं. ही औषधं आली ती रेनिनच्याच वाटेवरून: रेनिनपासून दाब वाढवणारी जी साखळी सुरू होते, ती ही औषधं मध्येच तोडतात. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात जे सापडलं त्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं, ते १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि १९९३ मध्ये मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांमध्ये त्याने बिघाडाचा वेग कमी होतो हे सिद्ध झालं. गेल्या काही वर्षांत डापाग्लिफ्लोझिन आलं. मुळात साखरेचं औषध, पण २०२० च्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही त्याचा फायदा दिसला. त्याच वर्षी भारतात त्याचं मूळ पेटंट संपलं आणि ते बऱ्यापैकी आवाक्यात आलं. एवढी औषधं हाताशी असताना ती कुणाला द्यायची हे ठरवणारी तपासणीच होत नसेल, तर त्या साऱ्या संशोधनाचा कोपरखैरण्याच्या माणसाला काय उपयोग?

दुसरं, दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी किडनीकडचा रक्तपुरवठा कमी होतो, अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं. वर बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं असेल, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी मार बसतो. तुर्भ्याच्या बाजारात, रबाळ्याच्या कारखान्यांत, वागळे इस्टेटमध्ये उभ्याने काम करणारे किती लोक रोज ही गोळी घेतात! क्रिएटिनिन माहीत असलेला डॉक्टर ती गोळी थांबवतो. माहीत नसलेला विचारतही नाही.

तिसरं, मीठ. लोणचं, पापड, खारवलेला मासा, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आपण त्याच्या बरेच वर असतो. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली. आता हे मीठ दुकानात मिळतं, शिबिरात लोक त्याबद्दल विचारतात. पण त्या शिफारशीत एक अट आहे. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांच्यासाठी हे मीठ नाही, कारण किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकली नाही तर ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. चीनच्या चाचणीतही गंभीर किडनीविकार असलेल्यांना घेतलं नव्हतं. म्हणजे इतका स्वस्त, घरगुती उपाय सांगायचा तरी आधी समोरच्याची किडनी कशी आहे हे ठाऊक हवं. दादासारख्या माणसाच्या हातात २०२१ मध्ये कुणी भल्या मनाने ते मीठ ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला सुचला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि नुसतं क्रिएटिनिन करूनही भागत नाही, ते वाचता आलं पाहिजे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं उदाहरण घ्या. वय ६२, दहा वर्षांचं बीपी. लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन १.२, शेजारी छापलेली मर्यादा १.३. काकू खूश, सगळं नॉर्मल. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यावरून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते हे काढायचं एक सूत्र २०२१ पासून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. त्यात घालून बघितलं तर काकूंचा आकडा येतो ५१. हेच १.२ तीस वर्षांच्या तरुणाचं असतं तर ८३ आला असता. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असताना काकूंची किडनी त्या रेषेच्या खाली होती. क्रिएटिनिन फसवं आहे, किडनीचं निम्म्याच्या आसपास काम जाईपर्यंत ते बऱ्याचदा मर्यादेतच राहतं. म्हणून प्रत्येक लॅबने क्रिएटिनिनच्या खाली हा आकडा छापलाच पाहिजे. संगणकात सूत्र एकदा बसवलं की त्याला खर्च शून्य. काही लॅब छापतात, काही छापत नाहीत. महापालिकांच्या लॅबपासून ही सक्ती सुरू व्हावी.

उशीर किती होतो, याचा अंदाज भारतातल्या किडनी रुग्णांच्या नोंदवहीवरून येतो. २०१२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ५२ हजारांहून अधिक रुग्ण होते. जवळजवळ निम्मे पहिल्यांदा नोंदले गेले तेच शेवटच्या टप्प्यात. १३ टक्क्यांचा आजार बीपीच्या नावावर, ३१ टक्क्यांचा मधुमेहाच्या, आणि १६ टक्क्यांचं कारण कळलंच नव्हतं. उशिरा पोचलेल्या माणसाचं मूळ कारण शोधायलाही काही शिल्लक राहत नाही, किडनी आकसून गेलेली असते.

असं काही आपल्या देशात जमणार नाही, हे ऐकून मला कंटाळा आला आहे, कारण ते जमलेलं आहे. आणीबाणीत तुरुंगवासात किडन्या निकामी झाल्यावर जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिसवर होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. डायलिसिस आणि प्रत्यारोपण आपल्या देशातल्या बहुतेकांना परवडणारं नाही, तेव्हा आजार होऊच न देणं हाच मार्ग, असं म्हणून त्यांनी चेन्नईजवळच्या सुमारे २५ हजार वस्तीच्या गावांत काम उभं केलं. गावातल्याच मुलींना शिकवलं. त्या घरोघर जाऊन बीपी मोजत आणि लघवीत एका रसायनाचे थेंब टाकून प्रथिन बघत. ज्यांना गरज त्यांना सगळ्यात स्वस्त, जुनी औषधं. दरडोई खर्च अगदी किरकोळ. हे काम १९९० च्या दशकातलं आहे. खेड्यात जमलं ते नौपाड्यात, लोकमान्य नगरात, ऐरोलीत का जमू नये?

यासाठी नवा कायदाही नको. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताई त्याचे फॉर्म भरतातच. २०२३ मध्ये या कार्यक्रमाचं नाव बदललं तेव्हा किडनीचा जुनाट आजारही त्याच्या कक्षेत घेतला गेला. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बीपी मार्गदर्शिकेत क्रिएटिनिन आणि लघवीची पट्टी (लघवीत बुडवली की रंग बदलून प्रथिन दाखवणारी) या दोन्ही तपासण्या आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर ठरावही केला. २०१६ पासून केंद्राचा मोफत डायलिसिसचा कार्यक्रम चालू आहे. तो आहे म्हणून हजारो घरं तगली आहेत, त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण आपण शेवटच्या स्टेशनवर रुग्णासाठी खाट मांडून ठेवली आहे आणि मधल्या कुठल्याच स्टेशनवर कुणी त्याला विचारत नाही, ही अवस्था बदलायला हवी.

आक्षेप आहेत, आणि त्यातले काही वजनदार आहेत. ताप आला, खूप श्रम झाले की लघवीत तात्पुरतं प्रथिन येतं. माथाडीसारख्या पिळदार शरीराच्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच थोडं जास्त असतं. तेव्हा एका तपासणीवर कुणाला किडनीचा रोगी ठरवू नये, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. सरसकट सगळ्यांची तपासणी करा असंही मी म्हणत नाही. बीपी आणि मधुमेह असलेल्यांची करा, निदान तिथून सुरुवात करा. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातींनी लोकांना घाबरवून पैसे काढण्याचा जो धंदा चालतो त्याला माझा विरोधच आहे. या दोन तपासण्या त्या पॅकेजच्या कितीतरी आधी आणि कितीतरी कमी पैशात होतात. तपासणीपायी बीपीची गोळी लांबवू नये, हेही बरोबर. गोळी आज सुरू करा, तपासणी याच आठवड्यात.

सगळ्यात खरा आक्षेप एका तरुण डॉक्टरने माझ्यापुढे मांडला: ‘मॅडम, तपासू. पुढे त्यांचा पाठपुरावा कोण करणार?’ यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. शिबिर संध्याकाळी आवरतं, टेबल-खुर्च्या मंडपवाल्याकडे जातात, चिठ्ठी खिशात राहून धुण्यात जाते. पण बीपीच्या राष्ट्रीय मोहिमेत यावर उपाय सापडलेला आहे. २०१८ मध्ये पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत ही मोहीम सुरू झाली, त्यात महाराष्ट्र होता. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, एका वेळी महिन्याभराची औषधं, आणि तारीख चुकली की फोन. याच कार्डावर एक ओळ वाढवायची आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला किडनीतज्ज्ञ लागत नाही, एमबीबीएस डॉक्टर ते नीट सांभाळू शकतो. तज्ज्ञाकडे पाठवायचे ते थोडे उरतात.

आमच्या सोसायटीच्या गेल्या शिबिरात आम्ही हे करून पाहिलं. आधी मी पट्ट्यांची बाटली आणली, मग लक्षात आलं की खरी अडचण वेगळीच आहे. लघवीचा छोटा डबा हातात धरून चारचौघांतून चालत जायला बायका लाजतात. मग कार्यालयामागची न्हाणी मोकळी केली, तिच्या आतच खिडकीत एक ट्रे ठेवला, डब्यांवर नावाऐवजी नंबर घातले आणि तिथे एक नर्सताई बसवल्या. रांगेतल्यांना आधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, गप्प बसवलं. पट्टा उघड्या दंडावर. चिठ्ठीच्या कागदावर शाईने दोन रकाने वाढवले: लघवीतलं प्रथिन आणि दुखण्याची गोळी.

त्या ६२ वर्षांच्या काकूंचाही नंबर होता. पट्टीवरचा प्रथिनाचा चौकोन पिवळा असतो, तो हिरवट झाला. काकूंनी मला हाक मारली, ‘हे काय गं, वाईट आहे का?’ मी म्हटलं, ‘काकू, घाबरू नका, पण सोडूही नका. उद्या ही चिठ्ठी आणि मागचा क्रिएटिनिनचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, मी येते. गुडघ्याची ती गोळी त्यांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.’ कॅलेंडर काढून तारीख बघितली, काकूंच्या चिठ्ठीवर लिहिली आणि माझ्या वहीतही लिहून ठेवली.